पेवातला कंदील आणि मातीतली हवा

माझे बडे अब्बा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, सांगलीच्या हळद पेठेत हमाली करायचे. आम्ही मिरजेला राहायचो. शाळेला सुट्टी असली की कधीमधी ते मला सोबत घेऊन जायचे. एकदा त्यांच्यासोबत मी हरिपूरला गेलो होतो. कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होतं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड लहान, आत पोट मोठं. त्यात हळद भरून तोंड मातीनं लिंपलं की वर्षानुवर्षं माल राहायचा, कीड लागायची नाही. २००५ च्या महापुरानं यातली बरीचशी पेवं निकामी केली, पण मी सांगतोय तो काळ त्याच्या खूप आधीचा.

पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे. तोंड मोकळं करून ठेवायचं आणि काही तास थांबायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. बडे अब्बा कंदील आधी निम्म्यावर थांबवायचे, जरा वेळ बघायचे, मग तळाला टेकवायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. मला घाई झाली होती. ते म्हणाले, "बत्ती बुजी तो उतरनेका नै." कंदील विझलेल्या पेवात उतरलेल्या माणसांच्या गोष्टी पेठेतल्या प्रत्येक हमालाला ठाऊक होत्या.

पुढे रसायनशास्त्र शिकलो तेव्हा त्या कंदिलाचा अर्थ कळला. बंद पेवात हळद आणि तिच्यावरचे सूक्ष्मजीव श्वास घेत राहतात. प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि जड असल्यानं तळाशी बसतो. हवेत एरवी जवळपास २१ टक्के प्राणवायू असतो. तो १६-१७ टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. माणूस त्याहून थोडा जास्त तग धरतो. दिवा आणि माणूस यांच्यातल्या या फरकावर कित्येकांचे जीव वाचलेले आहेत. जुन्या विहिरीचा गाळ काढणारेही हेच करायचे.

एम.एस्सी. झाल्यावर मी नवी मुंबईत एका पर्यावरण सल्लागार कंपनीत लागलो. ईदला घरी गेलो तेव्हा बडे अब्बांनी विचारलं, काम काय करतोस. मी म्हटलं, जमिनीला भोक पाडतो आणि आतली हवा डब्यात भरून आणतो. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, "मग कंदील कुठाय?"

या कामाचा इतिहास मी त्या प्रश्नानंतर वाचायला घेतला.

जमिनीतून काहीतरी वर येतं आणि ते माणसाला बाधतं, ही समजूत फार जुनी आहे. आपण घरात ज्याला 'बुखार' म्हणतो तो शब्द मुळात अरबी आणि त्याचा तिथला अर्थ ताप नव्हे, वाफ. फारसी-उर्दूत येता येता वाफेचा ताप झाला. 'दिल का बुखार निकालना' या वाक्प्रचारात जुना अर्थ अजून जिवंत आहे. आत कोंडलेली वाफ बाहेर काढणं. इटालियन 'मलेरिया'चा अर्थही खराब हवा असाच. अकराव्या शतकात कैरोचा हकीम अली इब्न रिदवान यानं इजिप्तमधल्या आजारांवर एक पुस्तक लिहिलं. त्यात फुस्तात या जुन्या शहराचं वर्णन आहे. अरुंद गल्ल्या, उंच इमारती, रस्त्यावर टाकलेली मेलेली जनावरं, हमामांच्या भट्ट्यांचा धूर, आणि या सगळ्यातून उठणाऱ्या वाफा. कुठला मोहल्ला राहायला बरा, कुठला वाईट, हे तो हवेवरून ठरवतो.

त्याच्याही आधीची एक गोष्ट आपल्याकडे मोठ्या अभिमानानं सांगितली जाते. बगदादमध्ये रुग्णालय कुठे बांधावं हे ठरवायचं होतं तेव्हा अल-राझीनं शहराच्या वेगवेगळ्या भागांत मांसाचे तुकडे टांगून ठेवले. जिथला तुकडा सर्वांत उशिरा सडला ती जागा निवडली. गोष्ट सुंदर आहे. मीही तरुणपणी एका भाषणात ती ठोकून दिली होती. पण ती ज्यानं लिहून ठेवली त्या तेराव्या शतकातल्या इब्न अबी उसैबियानंच तिच्यावर शंका घेतली आहे. हे रुग्णालय अदुद अल-दौला या अमीराचं, ते सुरू झालं ९८२ साली. राझी तर ९२५ च्या सुमारास वारला होता. आपले वक्ते गोष्ट सांगतात आणि शंका गाळतात. मला स्वतःला गोष्टीपेक्षा शंका घेणारा इतिहासकार जास्त जवळचा वाटतो. त्यानं कौतुकाची गोष्ट लिहिली आणि तारखा जुळत नाहीत हेही लिहिलं. ते असो. गोष्ट खरी असो वा रचलेली, तिच्यात एक पद्धत आहे: एकाच वेळी अनेक ठिकाणी तीच वस्तू ठेवायची आणि फरक बघायचा. आम्ही आजही तेच करतो.

मातीतली हवा मुद्दाम ओढून तपासण्याचं काम सुरू झालं ते मात्र कुणाच्या आरोग्यासाठी नव्हे. ते तेलासाठी. १९३० च्या दशकात जर्मनीत लाउबमेयर आणि सोव्हिएत रशियात सोकोलोव्ह यांनी जमिनीला उथळ भोकं पाडून आतली हवा काढली आणि तिच्यात हायड्रोकार्बन वायू शोधले. खाली तेल किंवा वायूचा साठा असेल तर त्याचा अंश वर झिरपत असणार, हा त्यांचा तर्क. म्हणजे नळी, भोक, हवेचा नमुना हे तंत्र चाळीस वर्षं आधीपासून हाताशी होतं. ते लोकांच्या घराखाली वापरावं असं कुणाला सुचलं नाही, किंवा तशी गरज कुणाला वाटली नाही.

गरज पहिल्यांदा ठळकपणे समोर आली ती अमेरिकेत, नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल या वस्तीत. नावात प्रेम दिसत असलं तरी लव्ह हे एका माणसाचं आडनाव. विल्यम लव्ह यानं १८९० च्या दशकात तिथं कालवा खोदायला घेतला, पैसे संपले, अर्धवट खड्डा तसाच राहिला. १९४२ ते १९५३ या काळात हूकर केमिकल या कंपनीनं त्या खड्ड्यात सुमारे २१ हजार टन रासायनिक कचरा पुरला, वर माती ओढली आणि १९५३ मध्ये ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाला विकून टाकली. खाली काय आहे त्याची जबाबदारी आमच्यावर नाही, असं कलम करारात होतं. मंडळानं तिथं शाळा बांधली. शाळेभोवती घरं झाली. कामगारांची, कर्ज काढून घेतलेली घरं.

सत्तरच्या दशकात पाऊस-बर्फ जास्त झाला तेव्हा खड्डा भरून वाहू लागला. तळघरांत काळा चिकट द्रव झिरपायला लागला. वास यायचा. १९७८ च्या वसंत ऋतूत न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यानं तळघरांतल्या हवेचे नमुने घेतले आणि त्यात बेन्झीन, क्लोरोफॉर्म अशी नावं निघाली. २ ऑगस्ट १९७८ ला राज्याचे आरोग्य आयुक्त रॉबर्ट व्हेलन यांनी आणीबाणी जाहीर केली: गरोदर बायका आणि दोन वर्षांखालील मुलं यांनी कालव्याला लागून असलेली घरं सोडावीत. पाचच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनीही आणीबाणी जाहीर केली. सुरुवातीला हलवली गेली ती कालव्याच्या जवळच्या दोन रांगांतली २३९ कुटुंबं.

आणि त्या पलीकडची? त्यांना सांगण्यात आलं, तुम्ही लांब आहात, तुम्हाला धोका नाही. इथं लोइस गिब्ज नावाची बाई पुढे आली. विशीतली गृहिणी, मुलगा त्याच शाळेत जाणारा. ती दारोदार फिरली. कोणाच्या घरी कोणता आजार, किती गर्भपात, किती मुलं व्यंग घेऊन जन्मली हे लिहून घेत गेली. बेव्हर्ली पेगन या कर्करोग संशोधिकेनं तिला मदत केली. आजार नकाशावर मांडले तर ते कालव्यापासूनच्या अंतरानुसार पडत नव्हते. ते रेषांत पडत होते. जुन्या रहिवाशांना विचारलं तेव्हा कळलं की या भागातून पूर्वी ओढे वाहायचे. घरं बांधताना ते बुजवून टाकले होते. बुजवलेल्या ओढ्याची माती पोकळ असते. पाणी आणि वाफ दोन्ही तिथूनच वाट काढतात. आरोग्य खात्यानं हा नकाशा बायकांनी गोळा केलेली ऐकीव माहिती म्हणून बाजूला सारला. पुढच्या फेब्रुवारीत मात्र गरोदर बायका आणि लहान मुलांना हलवण्याची मर्यादा वाढवावी लागली. १९८० च्या डिसेंबरात सुपरफंड कायदा आला तो या सगळ्याच्या धक्क्यातून.

ओढ्यांची ही गोष्ट मी माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या मुलाला सांगतो. भोकं कुठे पाडायची हे ऑफिसात बसून, नकाशावर सारख्या अंतराचे चौकोन आखून ठरवलं जातं. त्याआधी परिसरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठावं. इथं नाला होता का, विहीर बुजवली का, टाकी कुठे होती. गावाकडे हे ज्ञान चहाच्या एका कपात मिळतं.

एवढं होऊनही पुढची वीस वर्षं तज्ज्ञांचं लक्ष प्रामुख्यानं पाण्यावर राहिलं. जमिनीत विष गेलं म्हणजे विहिरीचं पाणी तपासा, ते पाणी उपसा, शुद्ध करा. मातीतून घरात शिरणारी हवा हा विषय वेगळ्याच दारानं आत आला. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे स्टॅन्ली वॉट्रस फाटकावरच्या किरणोत्सार मापकातून गेले की धोक्याची घंटा वाजू लागली. गंमत म्हणजे केंद्रात अजून वीज तयार होत नव्हती, आणि घंटा बाहेर जाताना नव्हे, आत येताना वाजत होती! किरणोत्सार ते घरून घेऊन येत होते. त्यांच्या घराखालच्या खडकातला रेडॉन वायू तळघरात शिरून साचत होता. घरातली गरम हवा वर चढून बाहेर पडते, खाली थोडी ओढ तयार होते आणि फरशीच्या भेगांतून जमिनीतली हवा आत खेचली जाते. पेलाभर सरबतात नळी घालून ओढावं तसं घर जमिनीला ओढत असतं. रेडॉनसाठी खरं असलेलं बेन्झीनसाठीही खरं असणार. १९९१ मध्ये पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट एटिंगर यांनी याचं गणित मांडलं. जमिनीत अमुक वाफ असेल तर घरात किती पोहोचेल, हे काढायला आजही त्या गणिताचाच आधार घेतात.

आता एन्डिकॉट. न्यूयॉर्क राज्यातलंच एक छोटं गाव, आयबीएमच्या जन्मकथेतलं गाव. तिथल्या कारखान्यात सर्किट बोर्ड बनायचे आणि ते धुवायला क्लोरीनयुक्त द्रावकं वापरत. १९७९ मध्ये मिथिल क्लोरोफॉर्म या द्रावकाची ४,१०० गॅलन, म्हणजे पंधरा हजार लिटरहून जास्त, गळती झाली. तपासात ट्रायक्लोरोइथिलीन वगैरे इतर द्रावकंही भूजलात सापडली. कंपनीनं पाणी उपसून शुद्ध करायला सुरुवात केली. उपसा सुरू आहे, म्हणजे प्रश्न हातात आहे, असंच सगळ्यांना वाटत राहिलं. वीसेक वर्षं. २००२ मध्ये कंपनीनं तो परिसर विकला आणि त्याच सुमारास राज्याच्या पर्यावरण खात्यानं मातीतली हवा तपासायला लावली.

भूजलाच्या वरच्या पातळीवरून ट्रायक्लोरोइथिलीनची वाफ सुटत होती, मातीच्या कणांमधल्या पोकळीतून वर चढत होती आणि गावातल्या घरांत शिरत होती. तीनशे एकरांहून मोठा भाग. लोकांच्या बैठकीच्या खोल्या, मुलांचे अभ्यासाचे कोपरे. ना रंग, ना वास. असतं ते इतकं थोडं की नाकाला कळत नाही. चारशेहून जास्त इमारतींना रेडॉनवाला उपाय बसवावा लागला: फरशीला भोक, त्यातून नळी छपराच्या वर, नळीवर चोवीस तास फिरणारा पंखा. छपरापर्यंत गेलेली ती पांढरी नळी म्हणजे त्या गावातल्या घरांची ओळख होऊन बसली. राज्याच्या आरोग्य खात्याला त्या भागात मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, तसेच बाळांमधले हृदयदोष अपेक्षेहून जास्त आढळले. २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यानं मातीतल्या वाफेची तपासणी कशी करावी याची मार्गदर्शक पुस्तिका काढली. सुमारे हजार रहिवाशांनी केलेला दावा २०१५ मध्ये तडजोडीनं मिटला. ट्रायक्लोरोइथिलीन कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये ठरवलं. आपल्यातले काही जण म्हणतील, हे तिकडचं. तर कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूमध्ये, जिथं आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली संगणकाचं काम करतात, तिथं जुन्या चिप कारखान्यांच्या जागेवर उभ्या असलेल्या गूगलच्या दोन इमारतींत २०१२-१३ च्या हिवाळ्यात हेच द्रावक मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं.

बडे अब्बांचा कंदील एन्डिकॉटच्या तळघरात सोडला असता तर तो छान तेवत राहिला असता. प्राणवायू भरपूर होता. विष होतं ते एका घनमीटर हवेत काही मायक्रोग्रॅम. म्हणून नमुना घ्यावा लागतो, आणि तो घेण्यात फसगत कुठे होते ते आता सांगतो, कारण त्या फसगतीत मीही सामील होतो.

काम दिसायला सोपं आहे. साधारण दीड मीटर खोल बारीक भोक पाडायचं. तळाशी जाळीदार टोक असलेली बारीक नळी सोडायची. टोकाभोवती वाळू, आणि तिच्यावर बेन्टोनाइट मातीचा थर. ही माती पाण्यानं फुगते आणि बूच बसावं तसं भोक बंद करते. मग थांबायचं. यंत्रानं नुसती नळी दाबून घातली असेल तर किमान दोन तास, मोठं भोक पाडलं असेल तर दोन दिवस, म्हणजे ढवळलेली हवा पुन्हा स्थिर होते. नंतर नळीत अडकलेली जुनी हवा ओढून टाकायची, नळीत आणि वाळूत मावते त्याच्या तिप्पट. मग नमुना, तोही हळूहळू, मिनिटाला दोनशे मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. जोर लावला तर हवा नको तिथून येते. नमुना भरतात तो स्टीलच्या डब्यात. प्रयोगशाळेनं आतली हवा काढून तो पोकळ करून पाठवलेला असतो. झडप उघडली की तो स्वतःच हवा ओढून घेतो. त्याला सुमा कॅनिस्टर म्हणतात. नाव ऐकून मला आमच्या शेजारच्या सुमाताई आठवायच्या.

जोरदार पाऊस झाला असेल तर चार-पाच दिवस नमुना घ्यायचा नाही, कारण ओल्या मातीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात. सकाळी गाडीत पेट्रोल भरून साइटवर यायचं नाही. मार्कर पेन वापरायचं नाही. सेंट-अत्तर लावायचं नाही. यावरून माझी जुम्म्याच्या दिवशी चांगलीच पंचाईत व्हायची. सकाळीच अत्तराचा फाया कानात घालायची सवय. एका शुक्रवारी वरिष्ठांनी मला नळीपासून वीस फूट लांब उभं केलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

या सगळ्यात जिवाची गोष्ट एकच आहे: वरची हवा आत येता कामा नये. पेवाच्या नेमकं उलट. तिथं वरची हवा आत जावी म्हणून तोंड उघडं ठेवून थांबायचं. इथं ती जाऊ नये म्हणून थांबायचं. बेन्टोनाइट नीट फुगलं नाही, जोड सैल राहिला, तर डब्यात भरते ती रस्त्यावरची हवा. प्रयोगशाळा ती अगदी प्रामाणिकपणे तपासते आणि लिहिते, काही आढळलं नाही. म्हणून नळीच्या तोंडावर उलटी बादली ठेवून आत हेलियम सोडतात आणि नमुन्यात हेलियम येतो का बघतात. आला, तर नळी वरून हवा खातेय.

२०११ ची गोष्ट. मुंबईजवळ एका जुन्या लॉरी डेपोची जागा विकली जात होती. मूळ मालक कंपनी परदेशी, तिच्या नियमात ही तपासणी बसत होती म्हणून ती होत होती. आपल्याकडच्या कुणी मागितली नव्हती. डेपोत जमिनीखाली इंधनाच्या टाक्या होत्या. आम्ही पाच भोकं पाडली. चार नंबरचं भोक टाकीला अगदी लागून होतं. त्या दिवशी पाण्याचा टँकर आला नाही. चार आणि पाच नंबरला बेन्टोनाइट जवळजवळ कोरडंच ओतलं गेलं. हेलियमचा सिलिंडर अंदाजपत्रकात नव्हता.

माझ्याकडे हातातलं वायुमापक होतं. तीन नंबरला, टाकीपासून सहा-सात मीटरवर, प्राणवायू ७ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ९. हे अपेक्षितच होतं. मातीत पेट्रोल-डिझेल असलं की जंतू ते खातात, प्राणवायू संपवतात. हळदीच्या पेवात होतं तेच. आणि चार नंबरला, टाकीच्या अंगाला, प्राणवायू २०.६. जिथं कंदील सर्वांत आधी विझायला हवा तिथं तो मजेत जळत होता.

मी वरिष्ठांना म्हटलं, "सर, चारला वरची हवा येतेय. पुन्हा घ्यावा लागेल." ते वाईट माणूस नव्हते. कॅनिस्टर परदेशातून मागवलेले, मोजून पाच. ड्रिलवाल्याचं भाडं दिवसाचं. ते म्हणाले, "नमुना जाऊ दे, निकाल आला की बघू." निकाल आला. तीन नंबरला बेन्झीन, चार नंबरला काही नाही. मग अहवालात जे लिहिलं गेलं ते मला आजही पाठ आहे, शब्द नव्हे, पण चाल. टाकीलगत बेन्झीन आढळलं नाही, सबब टाकी हा उगम नाही. तीन नंबरचा आकडा स्थानिक आणि किरकोळ. म्हणजे चुकलेल्या नमुन्यानं नुसतं स्वतःबद्दल खोटं सांगितलं नाही, शेजारच्या खऱ्या नमुन्यालाही खोटं ठरवलं. माझी प्राणवायूची नोंद परिशिष्टात होती. ते पान कुणी उघडलं नाही. नमुना घेणाऱ्याच्या जागी सही माझी आहे.

पुढच्या ईदला मी हे बडे अब्बांना सांगितलं. त्यांना बेन्झीन सांगायची गरज पडली नाही, भोक आणि माती एवढ्यावर ते समजले. म्हणाले, "तो फिर बत्ती उपर की हवा में च जली बोलो." आणि चहा पिऊ लागले.

त्या जागेवर आता सात मजली इमारत आहे. टाक्या काढल्या असतील, माती उपसून नेली असेल, पायाच्या खोदकामात बराचसा भाग गेलाही असेल. तळमजल्यावर बालवाडी आहे. लोकलमधून ती इमारत दिसते. मी त्या कंपनीत पुढे वर्षभर राहिलो, आणि दुसऱ्या नोकरीत पहिल्या दिवसापासून हेलियमचा सिलिंडर मागितला, यापलीकडे मी काही केलं असं मला म्हणता येणार नाही.

आपल्या देशात दूषित जागांसाठी स्वतंत्र नियम जुलै २०२५ मध्ये आले. जागा शोधणं, तपासणं, स्वच्छतेचा खर्च कुणी करायचा हे त्यात ठरवलेलं आहे. भोपाळनंतर चाळीस वर्षांनी. कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरादेखील त्याच वर्षाच्या जानेवारीत तिथून हलला. उशीर झाला असं मी म्हणणार नाही, ते सगळेच म्हणतात. मला काळजी नळीची आहे. आता नमुने खूप घेतले जातील. गिरण्यांच्या, गॅरेजच्या, गोदामांच्या जागांवर घरं होत आहेत, आणि त्यातली पुष्कळशी अशा वस्त्यांत आहेत जिथं आपली माणसं भाडं परवडतं म्हणून राहतात. अहवालाचं पहिलं पान सगळ्यांना दाखवलं जाईल.

तुमच्या इमारतीची जागा पूर्वी पंप, डेपो किंवा कारखाना असेल आणि बिल्डरकडे असा अहवाल असेल, तर शेवटची पानं मागा. त्यात क्षेत्रीय नोंदींचा तक्ता असतो. प्राणवायूचा रकाना बघा. ज्या भोकापाशी तेलाचा वास होता असं लिहिलंय तिथं आकडा वीसच्या वर असेल, तर गळतीची चाचणी केली होती का, एवढंच विचारा. तो तक्ता वाचायला मदत लागली तर मला पाठवा, मी बसून वाचून देईन.

आणि हरिपूर-सांगलीकडच्या वाचकांना आणखी एक विनंती. पेवात उतरणाऱ्या हमालांमध्ये कंदील सोडण्याच्या या कामाला काही खास शब्द होता, असं मला अंधुक आठवतं. बडे अब्बांना विचारायचं राहून गेलं. कुणाच्या घरी तो शब्द अजून असेल तर कळवा.